कोलिस्टिनच्या चार नळ्या

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिरजेत सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी कामाला लागले, तेव्हा कोलिस्टिनची माझी पहिली ओळख औषध म्हणून झालीच नाही. ते मीडियाच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या खाद्याच्या, सामानात असायचं. फ्रीजमधल्या एका डब्यात नॅलिडिक्सिक ॲसिड, पॉलिमिक्सिन-बी, व्हँकोमायसिन यांच्या छोट्या बाटल्या होत्या, त्यांतलीच एक कोलिस्टिनची. मीडिया-रूमचे मामा आगर ऑटोक्लेव्हमधून काढून हाताला सोसेल इतकं निवू द्यायचे आणि मग आम्ही मोजूनमापून त्यात ही औषधं घालायचो. वॉर्डातल्या रोग्यांशी त्या डब्याचा संबंध नव्हता. मूत्रपिंडाला आणि नसांना इजा करतं म्हणून कोलिस्टिनचं इंजेक्शन १९७०च्या दशकातच मागे पडलं होतं. लहान मुलांच्या जुलाबावर तोंडाने द्यायचं सिरप तेवढं बाजारात मिळायचं.

मिरज ही दवाखान्यांची नगरी. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून अथणी, जमखंडी, विजापूरपासूनची माणसं रेल्वेने मिरजेला उतरत आली आहेत. त्यामुळे आमच्या टेबलावर येणाऱ्या नमुन्यांत दोन राज्यांतले आजार असायचे. ऊसतोडीच्या हंगामात जखमांचे नमुने वाढत. कोयता पायावर बसलेला, पाचटाने पोटरी कापलेली, वर चिखल आणि आठवडाभर बांधलेलं फडकं. अशा जखमेतला पू साध्या ब्लड आगरवर लावला की दुसऱ्या दिवशी प्लेटवर एकच दृश्य: प्रोटियस नावाचा जंतू लाटांवर लाटा सोडत सगळी प्लेट व्यापून बसलेला आणि झाकण उघडताच त्याचा तो ओळखीचा कुबट वास. त्याच्याखाली स्ट्रेप्टोकोकस दडलेला असू शकतो. पाय सुजवून ताप आणणारा, रक्तात उतरणारा खरा गुन्हेगार अनेकदा तोच असतो, पण प्रोटियस त्याला दिसू देत नाही.

त्यासाठी कोलिस्टिन आणि नॅलिडिक्सिक ॲसिड घातलेली प्लेट असते. आम्ही तिला नुसतं सीएनए म्हणतो. ही प्लेट चाळणीसारखी काम करते. ग्राम-निगेटिव्ह जंतू अडतात आणि ग्राम-पॉझिटिव्ह तेवढे वाढतात. मला आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, दोन औषधं कशाला, एक पुरलं नसतं का? उत्तर प्रोटियसमध्येच होतं. कोलिस्टिन बहुतेक ग्राम-निगेटिव्ह जंतूंना मारतं, पण प्रोटियसला ते जन्मतःच लागू पडत नाही. सेरॅशिया, प्रॉव्हिडेन्शिया, मॉर्गनेला यांनाही नाही. त्यांना रोखायला नॅलिडिक्सिक ॲसिड. एकाच्या हातून सुटलेला दुसऱ्याच्या हाती सापडावा, अशी ती जोडी. दोन्ही प्लेट शेजारी ठेवल्या की एकीवर प्रोटियसची चादर आणि दुसरीवर स्ट्रेप्टोकोकसचे स्वच्छ ठिपके, भोवती रक्त विरघळल्याची पारदर्शक कडी. अशा निकालावर पेनिसिलिनसारख्या साध्या, स्वस्त औषधाने पाय वाचतो. त्या प्लेटवर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

कोलिस्टिनच्याच कुळातल्या पॉलिमिक्सिन-बीची दुसरी ओळख पटकीने करून दिली. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम करत पुढे जाते. आषाढाचे दिवस, लाखो माणसं, विहिरींना आणि ओढ्यांना नवं पाणी. वारीच्या वाटेवरच्या आरोग्य यंत्रणेला पटकीची भीती पिढ्यान्‌पिढ्यांची. पाण्यासारख्या जुलाबाचा नमुना आला की आमच्या प्रयोगशाळेत बाकीची कामं थांबत. आधी अल्कलाइन पेप्टोन वॉटर, मग टीसीबीएस प्लेट, तिच्यावर पिवळ्या वसाहती, मग सिरमने गोळा होतात का ते पाहणं. जंतू पटकीचाच ठरला की शेवटी त्याचा प्रकार ठरवायचा. जुना क्लासिकल की एल टॉर? एल टॉर हे सिनाईतल्या एका क्वारंटाइन तळाचं नाव. १९६१ साली इंडोनेशियातून जी सातवी साथ निघाली आणि १९६४ मध्ये भारतात पोचली, ती या प्रकाराची. प्रकार ठरवणाऱ्या चाचण्यांत एक होती पॉलिमिक्सिन-बीची ५० युनिटची डिस्क. क्लासिकल तिच्यापुढे टिकत नाही, तिच्याभोवती मोकळं वर्तुळ पडतं. एल टॉर डिस्कला अगदी चिकटून वाढतो. इथे औषधाने रोगी बरा होईल की नाही, हा प्रश्नच नव्हता. मरतो की जगतो यावरून जंतूची जात ओळखायची, एवढंच त्या डिस्कचं काम. पुढे कोलकात्यात २०१२नंतर पॉलिमिक्सिनला दबणारे एल टॉर सापडू लागले आणि या जुन्या चाचणीवर एकट्याने भरवसा ठेवायचे दिवस संपले. प्रयोगशाळेतली कुठलीही कसोटी कायमची नसते. जंतू बदलले की कसोटीही पुन्हा तपासावी लागते. हे मला वर्गात कुणी शिकवलं नाही, पटकीच्या जंतूने शिकवलं.

क्षयाच्या कल्चरमध्येही पॉलिमिक्सिन आहे. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे. तिथल्या क्षयरोग आरोग्यधामामुळे या भागात क्षयाचं काम जुनं. क्षयाचा जंतू वाढायला आठवडे घेतो. तेवढ्या वेळात थुंकीतला दुसरा एखादा जंतू बाटली नासवून टाकतो. म्हणून द्रव मीडियात पाच औषधांचं मिश्रण घालतात, त्यातलं पहिलं पॉलिमिक्सिन-बी. माणदेशात मेंढ्यांमध्ये काम करणारी माझी एक मैत्रीण शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली. फाशी रोगाचा जंतू मातीतून शोधायच्या मीडियातही पॉलिमिक्सिन घालतात, हे मला तिच्याकडून कळलं. मातीत ग्राम-निगेटिव्ह जंतूंची एवढी गर्दी की ती हटवल्याशिवाय तो एक दिसतच नाही.

हे औषध मातीतूनच आलं आहे. १९४७मध्ये इंग्लंड-अमेरिकेतल्या वेगवेगळ्या गटांना मातीतल्या एका बॅसिलसच्या जातीतून पॉलिमिक्सिन मिळालं. थोड्याच काळात जपानमध्ये कोयामा यांनी त्याच जातीच्या जंतूतून कोलिस्टिन वेगळं केलं. त्याची करामत ग्राम-निगेटिव्ह जंतूच्या बाहेरच्या आवरणावर चालते. हान्स ख्रिस्तिआन ग्राम यांनी १८८४मध्ये रंगवण्याची रीत काढली. तिच्यात जांभळा रंग धरून ठेवणारे ते ग्राम-पॉझिटिव्ह, तो सोडून गुलाबी होणारे ते ग्राम-निगेटिव्ह. गुलाबी होणाऱ्यांना बाहेरून एक जादा पडदा असतो. त्या पडद्यातले रेणू एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यांना बांधून ठेवतात. कोलिस्टिनवर धन भार असतो. ते जाऊन कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा बळकावतं, बांधणी सुटते, पडदा फाटतो आणि मग आतलं आवरणही. ग्राम-पॉझिटिव्ह जंतूंना तो पडदाच नाही, म्हणून त्यांच्यापुढे कोलिस्टिनचं काही चालत नाही. सीएनए प्लेटचं मर्म हेच.

ही कॅल्शियमची गोष्ट मिरजेच्या माणसाला लवकर पटते. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत क्षारपड जमिनीचं दुखणं सर्वांना ठाऊक आहे. बोअरचं पाणी उकळलं की भांड्याला पांढरा थर बसतो. आमच्या डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राची तीच गत होई, मामा त्याची कॉइल सारखी खरवडत असायचे. कोलिस्टिनची तपासणी करताना मीडियात कॅल्शियम जास्त पडलं तर औषध कमी परिणामकारक दिसतं आणि कमी पडलं तर जास्त. म्हणून ब्रॉथमध्ये, म्हणजे द्रव मीडियात, कॅल्शियम दर लिटरला २० ते २५ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १० ते १२.५ मिलिग्रॅम, असं बांधून दिलेलं प्रमाण आहे. पाणी चांगलं नसेल तर तपासणीचा आकडा चुकतो आणि त्या आकड्यावर एका माणसाचं औषध ठरणार असतं.

मीडियाच्या डब्यातलं हे औषध वॉर्डात परत आलं ते २०००नंतरच्या दशकात. आधी दिल्ली-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतून बातम्या यायच्या. २००८मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला सापडला. तो रुग्ण आधी नवी दिल्लीत रुग्णालयात होता. त्या जंतूकडे मेरोपेनेमच्या जातीची सगळी औषधं निकामी करणारं एक नवं विकर होतं. २०१०मध्ये त्यावर जगभर चर्चा झाली, विकराच्या नावात दिल्लीचं नाव घातल्यावरून आपल्याकडे रागही उसळला. नाव काही असो, जंतू खरा होता. थोड्याच वर्षांत कऱ्हाड, सांगली, मिरजेच्या आयसीयूंतून आमच्याकडे येणाऱ्या क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टरच्या रिपोर्टांवर ओळीने आर, आर, आर दिसू लागलं. रेझिस्टंट. खाली एकच ओळ उरायची, ती कोलिस्टिनची.

मीडियात मोजून घालायचं हे औषध, आणि आता डॉक्टर फोनवर घाईने त्याचाच निकाल विचारत होते. तोवर बऱ्याच ठिकाणी निकालाची रीत सोपी होती. जंतू प्लेटवर पसरायचा, कोलिस्टिनची १० मायक्रोग्रॅमची डिस्क ठेवायची, दुसऱ्या दिवशी मोकळ्या वर्तुळाचा व्यास मोजायचा. सुडोमोनाससाठीच्या जुन्या कोष्टकात ११ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे औषध लागू, १० किंवा कमी म्हणजे लागू नाही. एका मिलिमीटरवर रोग्याचं भवितव्य. मापायची पट्टी किंचित तिरकी धरली तरी निकाल फिरावा! मेरोपेनेमचं वर्तुळ मोठं असतं, लागू आणि गैरलागू यांत स्पष्ट अंतर असतं. कोलिस्टिनचा रेणू मोठा आणि भारित. तो आगरमध्ये नीट पसरतच नाही. जंतू दबणारा असो वा न दबणारा, वर्तुळं जवळपास सारखीच पडतात. आता ही मापं कोष्टकातून काढून टाकली आहेत, आणि ते योग्यच झालं. ती जितकी वर्षं चालली तितकी चालायला नको होती, असं मला आजही वाटतं.

खरी रीत ब्रॉथची. औषधाची दुपटीने वाढत जाणारी प्रमाणं, प्रत्येकात ठरलेल्या संख्येचे जंतू, आणि सर्वांत कमी कुठल्या प्रमाणात वाढ थांबते ते पाहायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण कोलिस्टिन प्लास्टिकला चिकटतं. पिपेटच्या टोकाला, प्लेटच्या खळग्यांना, बाटलीला. द्रवात मोजून घातलेल्या औषधातलं थोडं भिंतीलाच राहतं. म्हणून रीत ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समित्यांनी २०१६मध्ये एकत्र बसून औषधाचा कोणता क्षार वापरायचा, प्लेट कशाची असावी, द्रवात आणखी काही घालायचं की नाही, असं सगळं बारकाईने लिहून दिलं. त्यात एक वाक्य असं आहे की ते मी सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी छोट्या प्रयोगशाळांना फोनवर सांगितलं असेल: तपासणीला इंजेक्शनची वायल वापरू नका.

हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पावडर महाग आहे, यायला महिना लागतो. इंजेक्शन तर मेडिकलमध्ये मिळतं, त्यातलंच घेतलं तर?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण इंजेक्शनमध्ये असतं ते कोलिस्टिमेथेट, कोलिस्टिनचं झाकून ठेवलेलं रूप. ते अंगात गेल्यावर सावकाश सुटं होतं आणि मग कोलिस्टिन बनतं. नळीत ते किती सुटलं, कधी सुटलं, याचा हिशेब लागत नाही. जंतू खरोखर दबणारा असला तरी न दबणारा दिसेल. तपासणीला कोलिस्टिन सल्फेटच हवं. याच गोंधळाची दुसरी बाजू वॉर्डात दिसते: वायलवर मात्रा कधी युनिटमध्ये, कधी मिलिग्रॅममध्ये, आणि मिलिग्रॅम कुठल्या रूपाचे ते पाहावं लागतं. दहा लाख युनिट म्हणजे कोलिस्टिमेथेटचे ८० मिलिग्रॅम, पण मूळ कोलिस्टिनच्या हिशेबाने साधारण ३०. चिठ्ठी वाचणाऱ्या सिस्टरला हा फरक माहीत असायलाच हवा.

जिल्ह्याच्या ठिकाणी परवडेल अशी रीत शेवटी मिळाली, ती चार नळ्यांची. काचेच्या चार नळ्यांत प्रत्येकी १० मिलिलिटर ब्रॉथ घ्यायचं. पहिलीत काही नाही. दुसरीत कोलिस्टिनची एक डिस्क, तिसरीत दोन, चौथीत चार. डिस्क त्याच, वर्तुळासाठी वापरायच्या, १० मायक्रोग्रॅमच्या. अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवायचं म्हणजे औषध कागदातून द्रवात उतरतं. झालं, दर मिलिलिटरला ०, १, २ आणि ४ मायक्रोग्रॅम. मग प्रत्येक नळीत जंतूंच्या ठरलेल्या गढूळपणाच्या द्रवाचे ५० मायक्रोलिटर, हलक्या हाताने मिसळून इनक्युबेटरमध्ये १६ ते २० तास. सकाळी नळ्या उजेडापुढे धरायच्या. जिथवर गढूळ, तिथवर जंतू जिवंत. ज्या डिस्कने आगरवर निकाल लागत नाही, तीच डिस्क द्रवात बरोबर बोलते. मला या रीतीचं कौतुक वाटतं ते यासाठी की तिला महागडं यंत्र लागत नाही. आपल्या प्रत्येक प्रयोगशाळेत जे आधीपासून आहे, त्यातूनच ती उभी राहिली आहे.

तिच्या मर्यादाही पाठ हव्यात. क्लेबसिएला, ई. कोलाय यांच्या कुळाला आणि सुडोमोनासला ती चालते; ॲसिनेटोबॅक्टरला चालत नाही, त्यासाठी पूर्ण ब्रॉथचीच रीत. आणि प्रत्येक वेळी सोबत ओळखीचे जंतू लावायचे, ज्यांचा आकडा आपल्याला आधी ठाऊक आहे. एक दबणारा, एक न दबणारा. ते बरोबर आले तरच रोग्याच्या जंतूचा आकडा मानायचा. प्रोटियस इथेही छळतो. क्लेबसिएलाच्या वसाहतीबरोबर प्रोटियसचा एखादा कण लूपला लागून आला तर चारही नळ्या गढूळ होणार, कारण तो कोलिस्टिनमध्ये मजेत वाढतो. आणि मग क्लेबसिएला निष्कारण बदनाम. म्हणून चौथी नळी गढूळ दिसली की तिच्यातला थेंब परत प्लेटवर लावून एकच जंतू आहे ना, ते पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. एक दिवस जास्त लागतो. आयसीयूला तो दिवस मोठा असतो, हे मला कळतं. तोवर मी फोन करून 'न दबणारा असावा असा संशय आहे' एवढं तोंडी सांगते, म्हणजे डॉक्टर दुसऱ्या वाटा बघायला लागतात.

महामार्गावर मोटारसायकलवरून पडलेला एक तरुण कऱ्हाडच्या एका आयसीयूत व्हेंटिलेटरवर होता. फुप्फुसात क्लेबसिएला. आधीच्या एका प्रयोगशाळेच्या रिपोर्टात वर्तुळावरून कोलिस्टिन लागू असं होतं, ते सुरूही झालं होतं, ताप मात्र उतरत नव्हता. जंतू आमच्याकडे आला. सकाळी चारही नळ्या गढूळ. प्लेटवर परत लावला, एकटा क्लेबसिएलाच. तिकडच्या डॉक्टरांनी सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि ॲझट्रिओनाम ही जोडी सुरू केली. दिल्लीच्या नावाचं ते विकर ॲझट्रिओनामला तोडू शकत नाही. जी बाकीची विकरं तोडतात, त्यांना अविबॅक्टम धरून ठेवतं. औषध अतिशय महाग. घरच्यांनी कशी जुळवाजुळव केली ते मला पुढे कळलं. मुलगा घरी गेला. त्याच महिन्यात दुसऱ्या एका बाईंच्या रक्तातला जंतू आमच्याकडे आला, तेव्हा मात्र आमच्या सोळा तासांइतकाही वेळ त्यांच्याकडे उरला नव्हता. निकाल तयार झाला, त्याच्या आधी त्या गेल्या. दोघांच्याही नळ्या मी सारख्याच काळजीने वाचल्या होत्या.

२०२०च्या जानेवारीत अमेरिकी मानकांचं नवं कोष्टक आलं आणि कोलिस्टिनच्या ओळीतून एस म्हणजे 'लागू' हे अक्षरच निघालं. आता दर मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅमपर्यंत आला तर आय, ४ किंवा वर गेला तर आर. मधलं अक्षर, पण सर्वांत चांगला निकालही तोच. फोनवर हे समजावताना पहिले काही महिने जिकिरीचे गेले.

"मॅडम, कोलिस्टिनचं सांगा. एस आहे ना?"

"सर, कोलिस्टिनला आता एस देतच नाही. याचा आकडा एक आहे, म्हणजे आय."

"म्हणजे देऊ की नको?"

"पर्याय असेल तर तो द्या. नसेल तर पूर्ण मात्रेत, आणि शक्यतो दुसऱ्या औषधाच्या जोडीने. क्रिएटिनिनवर लक्ष ठेवा. निमोनिया असेल तर एकट्या कोलिस्टिनच्या भरवशावर नको."

हा बदल मला मनापासून पटतो. नळीत जंतू १ मायक्रोग्रॅमला मेला, म्हणून माणसाच्या फुप्फुसात तेवढं औषध पोचतं असं नाही. तेवढी पातळी गाठायला जी मात्रा द्यावी लागते, तिथे मूत्रपिंडाचा धोका सुरू होतो. रिपोर्टावर एस दिसलं की घाईतला डॉक्टर निर्धास्त होतो. आय दिसलं की तो थांबतो, फोन उचलतो. या औषधाच्या बाबतीत त्याने थांबावं, हेच हवं.

मग राहतो कोंबड्यांचा प्रश्न. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. विट्याच्या बाजूला कोंबडीपालनाच्या शेड बऱ्याच. माझ्या चुलतभावाच्या शेडमध्ये पाण्यात मिसळायच्या पाकिटावर बारीक अक्षरात कोलिस्टिन सल्फेट हे नाव मी वाचलं तेव्हा मला धक्का बसला. आम्ही ज्याच्यासाठी चार-चार नळ्या लावतो, ज्यावर आयसीयूतला माणूस टेकलेला असतो, ते इथे पिल्लांनी लवकर वजन धरावं म्हणून टाकीत पडत होतं. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधून बातमी आली होती की डुकरांच्या मांसातल्या आणि माणसांतल्या ई. कोलायमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारा एक जीन सापडला आहे, आणि तो एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. तोवर असा प्रतिकार जंतूच्या स्वतःच्या गुणसूत्रात होणाऱ्या बदलांतून येतो, असंच माहीत होतं. १९ जुलै २०१९ रोजी केंद्राने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यपालनात आणि खाद्यात कोलिस्टिनचं उत्पादन, विक्री आणि वाटप बंद केलं.

भावाने विचारलं, "ताई, आता पिल्लं मेली तर?" प्रश्न रास्त होता, त्याच्यावर कर्ज होतं. मी त्याला पशुवैद्याकडे पाठवलं. शेडमधली लिटर, म्हणजे जमिनीवरचा भुसा, कोरडी ठेवणं, पाण्याची टाकी आणि पाइप धुणं, लसींचं वेळापत्रक यांवर ते दोघं बसून बोलले. त्याच्या शेडमध्ये ते पाकीट पुन्हा आलं नाही. पण मी ज्या नजरेने औषधाकडे बघते, ती नजर त्याला आधी कुणी दिलीच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून आता तालुक्याच्या ठिकाणी कोंबडीपालकांची बैठक असली आणि बोलावलं तर मी जाते. नळ्या सोबत नेते, एक निवळ आणि एक गढूळ, घट्ट बूच लावून, जंतू मारून निर्धोक केलेल्या. त्या बघितल्या की लोक पुढे होऊन प्रश्न विचारतात.

सध्या माझं बरंचसं काम शिकवण्याचं आहे. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांतल्या लहान प्रयोगशाळांतून मुलं-मुली येतात. प्रत्येकाने कोलिस्टिनच्या नळ्या लावाव्यात असा माझा आग्रह नाही. ज्यांच्याकडे ओळखीचे जंतू जपायला डीप फ्रीझर नाही, डिस्टिल्ड वॉटरची खात्री नाही, त्यांनी कोलिस्टिनची ओळ रिपोर्टावर छापूच नये. तिथे 'तपासणीस पाठवले आहे' असं लिहावं आणि तिरक्या आगरवर शुद्ध जंतू एसटीने आमच्याकडे रवाना करावा, तिहेरी बांधणीत, वर नाव आणि वेळ घालून. फलटणहून, वडूजहून, जतहून असे नमुने आता येऊ लागले आहेत. दुपारपर्यंत पोचला तर त्याच संध्याकाळी नळ्या लागतात, आणि ज्याने पाठवला त्यालाही आम्ही आकडा फोनवर कळवतो, नुसतं अक्षर नाही.